सुषमाताईंची दुपारची गाडी

सुषमाताईंच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि त्यांनी माझ्यामागे दाराला कुलूप घातलं. नाचणे रस्त्याच्या आतल्या गल्लीत आम्ही नुकतंच बिऱ्हाड हलवलं होतं आणि मी वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला गेले होते. किल्ली त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेली. ती ड्रेसच्या आत टाकता टाकता त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि हसल्या. "घाबरू नको गो. तुला नाय कोंडलं. मला नि माईला कोंडलंय, तू मध्ये सापडलीस."

तेवढ्यात आतून त्यांची आई आली. माई. ऐंशीच्या पुढची, बारकीशी, नीटनेटकं लुगडं नेसलेली, आणि काखेत एक बोचकं. मला म्हणाली, "गाडी लागली काय? मालगुंडला जायचंय. आई वाट बघत असेल." सुषमाताईंनी बिनदिक्कत सांगितलं, "गाडीला उशीर आहे, माई. बस जरा." माई बसली. मी विरजण घेऊन निघाले तेव्हा ती पुन्हा उठली होती, आणि सुषमाताई पुन्हा तेच वाक्य त्याच आवाजात म्हणत होत्या.

माईला विसरण्याचा आजार होता. वर्षभरापूर्वी ती दुपारी घरातून निघून गेली आणि भाट्याच्या पुलावर, भर रहदारीत, रस्त्याच्या मधोमध चालताना सापडली. तेव्हापासून हे कुलूप. "मग एकदा मालगुंडला नेऊन का आणत नाही?" असं मी शहाणपणाने विचारलं होतं. सुषमाताई म्हणाल्या, "नेलं की. तिच्या माहेरच्या अंगणात उभी केली. सगळं निरखून बघितलंन आणि म्हणाली, गाव चांगलं आहे हो, पण मालगुंडला कधी जायचं?"

हे घर पत्करण्याआधी सुषमाताई गाडी चालवायला शिकवत. निम्म्या रत्नागिरीतल्या बायका त्यांच्या हाताखाली शिकल्या. लग्न केलं नव्हतं, भाऊ शेखर ठाण्याला, तेव्हा माईची जबाबदारी कोणी न ठरवताच त्यांच्याकडे आली. शिकवणी सुटली, पण शिकवणीची भाषा सुटली नाही. मी कुठल्याही गोष्टीचा उतावळेपणा केला की म्हणायच्या, "घाई केलीस की गियर नाय पडत, नुसता आवाज पडतो." कोणी त्यांची कीव केली की म्हणायच्या, "चढावर थांबता आलं की चालवता आलं. मी सध्या चढावर आहे." पण खिडकीखालून एखादी शिकाऊ गाडी गचके खात गेली, की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. ते मी पाहिलं होतं. आपण पाहिलंय हे त्यांना कळू नये म्हणून मी दुसरीकडे बघायची.

बाहेरची माणसं त्यांच्याकडे फार टिकत नसत. माई सारखी तेच विचारी, दाराला कुलूप, पंख्याखाली बसलं तरी जीव गुदमरायचा. मीसुद्धा बँकेतल्या नोकरीवरून येताना डोकावायची ती उभ्या उभ्याच. उरलेला दिवस त्यांच्या हातात फोन असे, आणि फोनवर त्या काय बघतात ते मला एक दिवस कळलं. कुठली तरी विशीतली पोरं कॉम्प्युटरवर लांब पल्ल्याचे ट्रक चालवत होती, चालवताना लोकांशी गप्पा मारत होती, आणि शेकडो माणसं ते बघत होती.

"एवढं बोलतात मेले, पण आरसा एक जण बघेल तर शपथ," सुषमाताई म्हणाल्या. मग फोन पालथा ठेवून, जणू भाजी काय करू असं विचारावं तशा म्हणाल्या, "मला असा कॉम्प्युटर घ्यायचाय. चांगल्यातला."

मला वाटलं, चेष्टा. पण त्या दुपारपासून आमच्या गप्पांत दुसरा विषय उरला नाही. त्यांच्याकडे शिकवणीतली स्वतःची पुंजी होती आणि ती कशावर खर्च करायची हे त्यांचं ठरलं होतं. मी सुचवलं, आमच्या बँकेत आहे तसा साधा घ्या, खेळ काय त्यावरही चालेल. त्यांनी मान हलवली.

"तुला कळत नाय, मीनल. एकाच वेळी त्याने ट्रक चालवायचा आणि तेच चित्र बाहेर लोकांना पाठवायचं. साध्यावर चित्र अडकत अडकत येतं. आणि चित्र अडकलं ना, की त्या क्षणाला मला आठवतं की मी या खोलीत आहे. मला तो क्षण नकोय गो. त्याच्यासाठी मी एवढं सगळं घेतेय."

मी त्यांचे पाय झाले. त्या घरात बसून निवडायच्या, मी बाहेर जाऊन विचारून यायची.

निवड महिनोन् महिने चालली. आज प्रोसेसर ठरायचा, उद्या मोडायचा, कारण तो घेतला तर मदरबोर्ड बदलावा लागे आणि मदरबोर्ड बदलला की रॅमही दुसरी. एक पक्कं झालं म्हणताना दुसरं निसटे. ग्राफिक्स कार्डावर मात्र त्या पहिल्यापासून ठाम होत्या. चित्र काढायचंही त्यानेच आणि लोकांना पाठवण्याजोगं करायचंही त्यानेच, तेव्हा तिथे काटकसर नाही. सगळ्यात जास्त भांडण झालं ते थंड ठेवण्याच्या यंत्रणेवरून. मी जिथे जिथे विचारलं तिथे सगळे पाण्याची यंत्रणा सांगत होते, काचेतून दिवे चमकतात, दिसायला झकास. सुषमाताई म्हणाल्या, "आणि नळी गळली तर? कोल्हापुराहून माणूस येईपर्यंत मी काय करू? साधा मोठा पंखा सांग. बिघडला तर मी स्वतः बदलीन." कॅबिनेटही पुढून जाळीचंच हवं, कारण आपल्या हवेत काचेची पेटी म्हणजे भट्टी. दमट हवेने पत्रा गंजतो म्हणून रंग कसा आहे तेही विचारून ये. वीज पुरवणारा एसएमपीएस लागतो त्याहून ताकदीचा, आणि लाईट गेल्यावर सगळं नीट बंद करण्यापुरता यूपीएस. पंख्यांचा आवाज अगदी हळू, कारण घरघर ऐकली की माई घाबरते.

आणि माइक. माइक निवडताना त्या पहिल्यांदा अडखळल्या. "असा हवा की समोरचंच ऐकेल. मागून कोणी हाक मारली तर ती जाता कामा नये." मागून हाक मारणारं त्या घरात एकच माणूस होतं. मी तसाच माइक यादीत लिहून घेतला.

इथल्या दुकानांत ऑफिसला लागतात तसलेच कॉम्प्युटर. म्हणून बँकेच्या कामाला कोल्हापूरला गेले तेव्हा मी एका मोठ्या दुकानात शिरले आणि त्यांना व्हिडिओ कॉल लावला. दुकानदाराने मला बघून विचारलं, "मुलग्यासाठी काय, मॅडम?" मी फोन त्याच्यासमोर धरला. पलीकडे केस मागे बांधलेल्या, पन्नाशीच्या सुषमाताई, आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावणारी माई.

"ते डावीकडचं कार्ड जरा उचला," सुषमाताई म्हणाल्या. दुकानदाराने उचललं. "आता उलटं करा." त्याने केलं. माई म्हणाली, "केवढ्याला दिलंत हो? ताजं आहे ना?" दुकानदार बिचारा म्हणाला, "ताजं आहे, आजी." दुकानातली चार गिऱ्हाइकंही हसली, आणि सुषमाताई तर इतक्या हसल्या की फोन त्यांच्या हातून पडला. थोडा वेळ मला नुसतं त्यांच्या घराचं छत दिसत होतं आणि हसणं ऐकू येत होतं. त्या घरातून हसणं ऐकायची ती माझी पहिलीच वेळ.

आंबा घाट उतरून, पालीला चहा घेऊन मी सगळ्या भागांची खोकी सांभाळत घरी आणली. रविवारी सकाळी आम्ही जोडणीला बसलो. एवढे महिने घासून निवडलेलं ते कार्ड कॅबिनेटात मावेना. बोटभर लांब. पंख्यांची, पत्र्याची, हवेची चौकशी केली होती, पण लांबी मोजायची दोघींनाही सुचली नव्हती. सुषमाताई बराच वेळ ते कार्ड मांडीवर घेऊन बसल्या. "गाडी निवडली, गॅरेज मोजलं नाय," एवढंच म्हणाल्या. कॅबिनेट बदलून यायला आणखी काही दिवस गेले. मग दुसऱ्या रविवारी रॅमची एक पट्टी गायब. आम्ही खोली पालथी घातली. ती माईच्या बोचक्यात निघाली, एक पातळ, कंगवा आणि सुपारीच्या डबीबरोबर. "आईला दाखवायला," माई म्हणाली. सुषमाताईंनी ती पट्टी तिच्याकडून मागून घेतली, हिसकावली नाही. "मी जपून ठेवते, माई. वाटेत हरवेल."

आणि मग यंत्र चालू झालं. पडद्यावर जर्मनीतला कुठलासा रस्ता उलगडला. सुषमाताईंनी कॉम्प्युटरला जोडलेल्या स्टिअरिंगवर हात ठेवले, आरसे पाहिले, गाडी गियरमध्ये टाकली. त्यांचे खांदे खाली आले. मी इतके महिने त्यांना पाहत होते, पण त्यांचे खांदे एरवी वर चढलेले असतात हे मला तेव्हा उमगलं.

रोज दुपारी जेवणं उरकली की त्यांची गाडी सुटायची. पडद्याच्या कोपऱ्यात, छोट्या कॅमेऱ्यातून, त्याही लोकांना दिसायच्या. सुरुवातीला बघणारी मी एकटी, बँकेत जेवणाच्या सुट्टीत. मग त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या, मग आखातात नोकरीला गेलेले रत्नागिरीकर, बोटीवरचे खलाशी. सुषमाताई गाडी चालवता चालवता बोलायच्या, आपल्या बोलीत, सावकाश. "आता हा मागचा बघा, ओव्हरटेक करायला शिवशिवतोय. जाऊ दे त्याला. आपण कोणाची वाट अडवायला आलो नाय." दापोलीजवळच्या मुरुडची एक वैशाली रोज यायची. तिचा नवरा सुपारी काढताना पोफळीवरून पडून अंथरुणाला खिळला होता. ती एकच ओळ लिहायची, "ताई, मी पण आज घरातच." सुषमाताई रोज तिचं नाव घेऊन सांगायच्या, "बस गो वैशाली, पट्टा लाव."

माई पहिले काही दिवस आतल्या खोलीत झोपलेली असायची. एक दुपार ती उठली, बोचकं घेऊन थेट कॉम्प्युटरच्या खोलीत आली आणि पडद्यावरचा रस्ता बघत उभी राहिली. माइक कितीही निवडून आणलेला असो, माई त्याच्या अगदी जवळ वाकून बोलली. "डायवर, मालगुंडला जाते काय गाडी?"

मी बँकेत फोन कानाला लावून ऐकत होते. इंजिनाचा आवाज थोडा उतरला. मग सुषमाताई म्हणाल्या, "जाते. बसा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माई बसली. रस्त्याकडे बघत बसली ती दुपार संपेपर्यंत उठली नाही. मध्येच एकदा म्हणाली, "खड्डे नाहीत हो कुठे. हा आपला रस्ता नव्हे." सुषमाताई म्हणाल्या, "नवीन केलाय." "कधी केला?" "तुम्ही झोपला होता तेव्हा."

त्यानंतर रोज दुपारी दोघी मायलेकी ट्रकमध्ये बसू लागल्या. लोकांना माईचा लळा लागला. कोणी विचारी, माई जेवल्या का. कोणी म्हणे, आमच्या आजीची आठवण झाली. मालगुंड कधी येत नसे, पण रस्ता चालू असेपर्यंत माईची तक्रार नसायची.

कोणीतरी त्यातला एक तुकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि शनिवारी शेखर ठाण्याहून येऊन थडकला. मी तिथेच होते, उठून जायला निघाले तर सुषमाताईंनी हाताने खाली बसवलं.

"माईचं हसं करतेस जगासमोर?" तो म्हणाला. "लोक मला फोन करून विचारतात. ती कशी बोलते ते सगळ्यांनी बघायचं?"

"हसतंय कोण, शेखर?"

"ते मला माहीत नाही. बंद कर हे. या वयात हे पोरखेळ..."

"बंद करते," सुषमाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तू राहतोस इथे? उद्यापासून?"

शेखर वाईट माणूस नव्हता. त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. म्हणाला, "आज आहे ना मी. तू जा. कुठे जायचं ते जा, संध्याकाळी ये."

सुषमाताईंनी गळ्यातली किल्ली काढून त्याच्या हातात दिली. माझ्या गाडीची चावी माझ्याकडून घेतली. "पालीपर्यंत जाऊ या," म्हणाल्या.

कितीतरी वर्षांनी त्या खऱ्या स्टिअरिंगवर बसल्या होत्या. गाडी गावाबाहेर काढली तोवर त्या खुशीत होत्या, मला माझ्या क्लचबद्दल दोन शब्दही सुनावले. मग हळूहळू बोलणं थांबलं. हातखंब्याच्या तिठ्यावर पोचलो तर त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होतं. समोर पालीचा रस्ता मोकळा पडला होता. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"काय झालं, ताई?"

"मला तिची हाक ऐकू येतेय," त्या म्हणाल्या. "नाय येत, ठाऊक आहे मला. पण येतेय. कान घरीच राहिले गो माझे." स्टिअरिंगवरचे हात त्यांनी काढले, मांडीवर ठेवले, पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले. "मी म्हणायची, कुलूप माईसाठी आहे. ते एकदा निघालं की मी सुसाट जाईन. आणि हे बघ. रस्ता आहे, गाडी आहे, आणि मला हातखंब्याच्या पुढे जाता येत नाय."

मी चालवू का, म्हणून विचारलं. नको म्हणाल्या. गाडी त्यांनीच वळवली, आरसे बघून, हात दाखवून, अगदी शिकवायच्या तशी.

घरी शेखर कॉम्प्युटरसमोर बसला होता, शर्ट घामाने भिजलेला. माईने त्याला ओळखलं नव्हतं. परका माणूस घरात शिरला म्हणून तिने आरडाओरडा केला होता आणि शेवटी त्याने तिला ट्रकसमोर आणून बसवलं होतं. गाडी काही त्याच्याने हलत नव्हती. "डायवर नवीन आहे," माईने आम्हाला सांगितलं. शेखर उठला आणि बहिणीला खुर्ची दिली. जाताना एवढंच म्हणाला, "कॅमेऱ्यात तिला नको घेऊस. पण गाडी चालू दे." सुषमाताईंनी ते मान्य केलं. पुढे लोकांना माई दिसली नाही, ऐकू मात्र येत राहिली.

पुढच्या थंडीत माई तापाचं निमित्त होऊन गेली. दिवसकार्य झालं, शेखरने ठाण्याला चल म्हणून आग्रह केला, सुषमाताई नको म्हणाल्या. सगळे त्यांना सांगत, आता मोकळ्या झालात, फिरा जरा. त्या मान डोलवायच्या आणि घरातच बसायच्या. कॉम्प्युटरवर चादर घातलेली. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "एकटीने चालवायला मी शिकलेच नाय बहुतेक. आयुष्यभर शेजारी कोणीतरी बसलेलं लागलं मला. आधी शिकणारी, मग ती."

मग वैशालीचा निरोप आला. तिने माईबद्दल चार शब्द लिहिले होते आणि खाली, "ताई, दुपार आता सरत नाही." दुसऱ्या दिवशी मी गेले तर सुषमाताई जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या आणि सगळं यंत्र सुटं करून ज्याच्या त्याच्या खोक्यात भरत होत्या. "मुरुडला नेऊन देऊ या," म्हणाल्या. "तिला जास्त उपयोगी पडेल."

आम्ही सकाळी निघालो. गाडी त्यांनीच चालवली. आरे-वारेचा चढ चढताना त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मालगुंड आलं तेव्हा त्यांनी गाडी थांबवली नाही, फक्त वेग थोडा कमी केला. जयगडच्या फेरीबोटीत गाडी चढवताना तिथल्या माणसाने "दादा, तुम्ही चालवा" म्हणायला गाडीत कोणी दादा आहे का ते पाहिलं, आणि नाही म्हटल्यावर बाजूला झाला. पुढे दाभोळची दुसरी फेरी, मग दापोली, आणि दुपारी आम्ही मुरुडला वैशालीच्या वाडीत पोचलो.

वैशाली माझ्याच वयाची निघाली. फोनवरच्या एका ओळीमागे इतकी भरभरून बोलणारी बाई असेल असं वाटलं नव्हतं. नवरा खिडकीपाशी कॉटवर होता, मान तेवढी वळवू शकत होता. सुषमाताईंनी त्याच खोलीत खोकी उघडली आणि एकेक भाग जोडायला घेतला. वैशाली स्क्रू पुढे करत होती आणि सारखी डोळे पुसत होती.

काम निम्मं झालं तेव्हा सुषमाताईंनी विचारलं, "समुद्र केवढा लांब आहे गो इथून?"

"हा काय, वाडी संपली की सुरूचं बन, त्याच्यापलीकडे."

"शेवटचा कधी बघितलास?"

वैशालीने आठवून पाहिलं. मग म्हणाली, "आवाज येतो की रोज."

सुषमाताईंनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. समोर अर्धवट कॅबिनेट होतं. इतके महिने खपून निवडलेलं ते सगळं. मग ते त्यांनी बाजूला सरकवलं.

"हे नंतर होईल," म्हणाल्या. "तू जा. बघून ये."

"आता? यांना पाणी पाजायचं असतं हो, मान उचलून..."

"पाजते."

"ठसका लागला तर कुशीवर..."

"वळवते. माईचं सगळं केलंय मी. जा."

वैशालीने चपला घातल्या. अंगण ओलांडून बेड्यापर्यंत, वाडीच्या फाटकापर्यंत गेली, बेडं धरून उभी राहिली आणि परत आली, औषधाची बाटली कुठे आहे ते सांगायला. पुन्हा गेली. पुन्हा बेड्यापाशी थांबली. तिची पाठ आमच्याकडे होती, पण मान सारखी घराकडे वळत होती. पोफळींमधून वारा येत होता आणि लाटांचा आवाज खरंच अगदी जवळ होता. मग ती हळूहळू परत फिरली, पायरीवर बसली आणि ओशाळून म्हणाली, "नाही जमत हो, ताई."

सुषमाताई तिच्या नवऱ्याच्या मानेखाली हात घालून त्याला पाणी पाजत होत्या. पेला खाली ठेवून त्यांनी त्याचं तोंड पुसलं.

"आज नाय जमायचं," त्या म्हणाल्या. "उद्या जा. उद्या नाय जमलं तर परवा जा." मग माझ्याकडे वळून, "मीनल, तू गाडी घेऊन जा घरी. मी आहे इथे."